लाइन मी होते

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, अण्णांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ताईला जाऊन वर्ष उलटलं. तिच्या साड्या वाटून झाल्या, भेटायला येणारी माणसं आपापल्या कामाला लागली. संध्याकाळी मी लिहायला बसते आणि भलतंच काहीतरी लिहून उठते — तिचा स्वभाव, तिच्या हातची आमटी, तिचं ते मान मागे टाकून हसणं. खरं ते बाजूलाच राहतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. की अनोळखी माणूस गाठून सांगणं हाही पळपुटेपणाच? असेल.

आधी आम्ही कोण ते सांगते. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, आई, अण्णा आणि आम्ही दोघी बहिणी. अण्णा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ताई माझ्याहून बरीच मोठी, इंजिनिअर, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात नोकरीला. मी गणितात एम.एस्सी. करून पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघींनीही पुढे लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी, ती इथे नकोत.

ताईच्या कारखान्यात, लांब लांबच्या यंत्रांना टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या पेट्या बनत. एका टोकाची पेटी आकडे पाठवणार, दुसऱ्या टोकाची ते घेणार. ऐकायला सोपं आहे. पण घेणारी पेटी हळू असेल तर? तिच्यात जागा थोडी. ती भरली की पुढचे आकडे सांडणार. आमच्या इमारतीत हा प्रकार रोज घडायचा. खाली पंपाच्या खोलीत एक माणूस, वर गच्चीत टाकीपाशी एक. टाकी भरली की वरचा ओरडायचा, "ओ काका, बंद करा, भरली!" टाकी उतरली की, "चालू करा!" आता समजा, ते 'चालू करा' वाऱ्यावर उडून गेलं. खालचा हाकेची वाट बघतोय, वरचा पाण्याची. दोघंही शहाणे, दोघंही नियमाने वागणारे — आणि घरोघरी नळ कोरडे. यात चूक कुणाची म्हणायची?

माझा अभ्यासाचा विषय हाच होता. ही हाकाहाक कागदावर मांडायची — वर्तुळं, दांड्या, बाण यांचं एक जाळं — आणि सिद्ध करायचं की काहीही झालं तरी दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत गोठून बसणार नाहीत. वर्तुळांत खुणा ठेवायच्या, नियमाप्रमाणे सरकवायच्या, आणि ज्या ज्या अवस्था येऊ शकतात त्या सगळ्या तपासायच्या. एकसुद्धा सुटता कामा नये. 'सहसा असं होत नाही' या वाक्याला तिथे काडीची किंमत नाही.

ताईने हे माझ्याकडून घेतलं. माझे कागद मागून वाचले, कणीक मळता मळता प्रश्न विचारले. आणि ज्याच्या कडेकडेने मी कितीतरी दिवस नुसती फिरत होते, ते तिने काही महिन्यांत कामाला लावलं.

तिच्या हातात तेव्हा एक मोठं काम होतं. कल्याणच्या बाजूला नदीवर पंपघर, आणि इकडे टेकाडावर पाण्याची टाकी. टाकीतली पाण्याची पातळी पंपघरातल्या पडद्यावर सतत दिसत राहायला हवी. तिथला माणूस ती पाहून पंप चालू-बंद करणार. टाकीवरची पेटी आकडे पाठवणार, पंपघरातली घेणार. जागा भरली की घेणारी म्हणणार 'थांब', जागा झाली की म्हणणार 'पाठव'. 'पाठव' वाटेत हरवलं तर काय, हे न सुचण्याइतकी ताई भोळी नव्हती. तिने नियम घातला होता — टाकीकडून काहीतरी येईपर्यंत 'पाठव, पाठव' म्हणतच राहायचं. किती साधा, किती नीटस. मला त्या नियमाचा हेवा वाटला होता. हे आत्ताच सांगून टाकते.

कारखान्यात कॉम्प्युटर एकच. तार निरोप हरवू शकते, एवढंच धरलं तर तो सगळ्या अवस्था तपासून संपवायचा. पण या तारेत मधे आणखी एक पेटी होती आणि तिथे निरोप कधीकधी रेंगाळायचे. तार निरोप अडवून ठेवते आणि उशिरा देते, हेही धरलं की अवस्था इतक्या माजायच्या की कॉम्प्युटर अर्ध्यात मान टाकायचा. म्हणून उशिराच्या निरोपांचा भाग आम्ही दोघींनी हाताने तपासायचा असं ठरलं. घरी, रविवारी दुपारी, जमिनीवर बसून.

कसं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. लादीवर मोठा कागद पसरायचा. आकडे म्हणजे चिंचोके. 'थांब' म्हणजे शर्टाचं काळं बटण, 'पाठव' म्हणजे पांढरं. ताई दोन्ही टोकं खेळायची. मधली तार — आम्ही तिला लाइन म्हणायचो — मी. लाइनचं काम एकच, छळायचं. येईल तो निरोप गिळायचा, म्हणजे ओटीत टाकायचा. नाहीतर मुठीत अडवून ठेवायचा आणि सर्वांत अडचणीच्या क्षणी सोडायचा. ज्या क्षणी दोन्ही टोकं गप्प बसतील, तिथे नियम फसला. लाइन जितकी दुष्ट, तितकी परीक्षा खरी. पहिल्या रविवारी मी एक-दोनदा हात आखडता घेतला तर ताई रागावली.

"लाइनला बहीण नसते हं, मनू. गिळायचं म्हणजे गिळायचं."

आई कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "चिंचोके खेळायचं वय आहे का गं तुमचं? आणि याचा पगार देतात?"

असे बरेच रविवार गेले. नियम टिकत होते. काही ठिकाणी मी ताईला अडकवलं, तिने नियम सुधारले, पुन्हा खेळलो. मग तो शेवटचा रविवार आला.

त्या दिवशी जेवताना ताई सांगत होती की साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्या कामाचं कौतुक केलं. लगेच म्हणाली, "पण हे सगळं मनूने शिकवलेलं हं, अण्णा." ती नेहमी असं म्हणायची. अण्णा ताकाचा घोट घेऊन हसले. "शिकवणाऱ्याला कोण विचारतं? नाव करणाऱ्याचं होतं. आमची मनू जन्मभर वर्तुळं काढत बसणार." त्यांनी आयुष्यभर शिकवण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं, कदाचित ते स्वतःबद्दलच बोलत असतील. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी पानात जसं मीठ होतं तसं हे होतं, एवढंच.

दुपारी खेळायला बसलो. मी एक चिंचोका डाव्या मुठीत अडवून ठेवला होता. त्याची पोच येईना म्हणून ताईने नियमाप्रमाणे त्याच आकड्याचा दुसरा चिंचोका पाठवला, तो मी जाऊ दिला, पोचला. पुढचेही पोचले. घेणाऱ्या पेटीची जागा भरली, 'थांब' गेलं. जागा रिकामी झाली. ताईने पांढरं बटण उचलून माझ्यासमोर ठेवलं — 'पाठव'.

आणि मला दिसलं.

हे बटण मी गिळलं आणि मुठीतला जुना चिंचोका सोडला, तर? घेणारी पेटी तो आधीच मिळालेला, जुना म्हणून टाकून देईल. पण काहीतरी आलं ना? म्हणजे आपलं 'पाठव' पोचलं, असं समजून ती 'पाठव' म्हणायचं थांबवेल. तिकडे टाकीवरच्या पेटीला 'पाठव' ऐकूच गेलेलं नाही. ती गप्प. हीही गप्प. दोघी नियमाप्रमाणे वागणाऱ्या, दोघी वाट बघणाऱ्या — कायमच्या.

सगळं लख्ख दिसलं. अभ्यासात अशी जागा सापडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेली उदाहरणं गिरवत होते. हे माझं होतं. माझं एकटीचं, पहिलं.

मी बटण गिळलं नाही. पलीकडे सरकवलं.

का? ते मला एक दिवस स्वतःजवळ हवं होतं. आज सांगितलं असतं तर ताईने लगेच नियम दुरुस्त केला असता, आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्या नियमातलं एक कलम होऊन गेलं असतं. उद्या सांगीन, असं स्वतःला म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती लवकर निघून गेली आणि पेढे घेऊन परतली. तपासणी पूर्ण झाल्याचं तिने साहेबांना सांगून टाकलं होतं. आता सांगायचं तर काल का नाही, हेही सांगायला लागणार. मग परवा. मग पुढच्या आठवड्यात. पेट्या बसवल्या गेल्या. ठीक चालल्या. एखादी जागा कागदावर दिसली म्हणजे ती प्रत्यक्षात येईलच असं थोडंच आहे? — असं मी स्वतःला समजावलं. मी! जिने दुसऱ्यांना हेच शिकवायचं होतं की येऊ शकतं म्हणजे येतं.

आलं. पेट्या बसवून काही महिने झाले होते. एका दुपारी पंपघरातल्या पडद्यावरची पातळी अर्ध्यावर थांबली. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेलाच — तार शाबूत होती, नुसतं कुणी बोलत नव्हतं. पंपावरच्या माणसाने पडद्यावर विश्वास ठेवला आणि पंप चालू ठेवला. टेकाडावरची टाकी भरून वाहायला लागली ती वाहतच राहिली. खाली उतारावर वीस-एक घरं. पाणी चुलींतून, अंथरुणांतून, धान्याच्या डब्यांतून गेलं. कुणाच्या जिवाला काही झालं नाही. हे वाक्य लिहिताना मला किती हायसं वाटतं, तेही बघा.

ताई कळल्याबरोबर गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कारखान्यातलं दुसरं कुणी गेलंही नाही. बायकांबरोबर बसून तिने भिजलेले तांदूळ गोणपाटावर पसरले. तिथली एक म्हातारी तिला म्हणाली होती, "बाय, तुमचे कंप्युटरला डोले नाय का?" ताईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. पाय चिखलाने भरलेले, तशीच दारात उभी.

साहेबांनी विचारलं होतं, तपासणी पूर्ण झाली होती ना? तुम्हीच सांगितलंत ना?

त्या रात्री ती मला म्हणाली, "मनू, तुला खेळताना कधी काही दिसलं होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

आणि मग — यापुढचं लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले — मग मी ते 'शोधलं'. दोन दिवस कागद पसरून बसले. पाहिलेली गोष्ट शोधायला किती वेळ लावला म्हणजे खरं वाटेल, याचा हिशेब करत बसले. तिसऱ्या दिवशी ताईबरोबर वागळे इस्टेटला गेले आणि साहेबांसमोर फळ्यावर सगळा क्रम मांडला. वाटेत एकदा मुद्दाम चुकले, पुसलं, कपाळाला हात लावून विचार केला. पुन्हा लिहिलं. दुरुस्ती एका ओळीची होती: 'पाठव' म्हणणं थांबवायचं ते *काहीही* आल्यावर नाही, *नवीन* आकडा आल्यावर. साहेब खुर्चीतून उठून फळ्यापाशी आले. आणि ताई — जिची त्या खोलीत दोन दिवस मान खाली होती — ती सगळ्यांना म्हणाली, "माझी बहीण आहे ही." तिचे डोळे भरून आले होते. अभिमानाने. मी तेव्हा खडूची धूळ झटकत होते.

त्या कारखान्याने मला सल्ल्यासाठी बोलवायला सुरुवात केली. पुढे कल्याणच्या कॉलेजात जागा निघाली तेव्हा मुलाखतीत हेच काम माझ्या बाजूने बोललं. ताईला आखणीच्या कामातून काढून खरेदी विभागात बसवलं. कुणी अपमान केला नाही. तिनेच म्हटलं म्हणे, की हे बरं.

ती पुन्हा कधी कागद पसरून बसली नाही. एवढंच झालं असतं तर मी कदाचित वर्षांमागे वर्षं ढकलत विसरलेही असते. पण तो अविश्वास घरात शिरला. दाराची कडी लावली की परत येऊन बघायची, मग मला बघायला सांगायची. भाजीत मीठ घातलंय हे ठाऊक असून चमचा माझ्यापुढे धरायची. रविवारचं शब्दकोडं, जे ती चहा निवायच्या आत सोडवायची, ते माझ्याकडे सरकवायची. "तूच बघ गं. मी समोरचं सोडते." सहज म्हणायची, कुरकुर न करता, डाव्या हाताने लिहिणारा माणूस सांगतो ना आपण डावरे आहोत म्हणून, तसं. आणि मी बघायचे. कडी, मीठ, कोडं. नव्वदचं दशकही असंच सरत आलं.

आजारात तर गोळ्या कुठल्या, कधी, तेही माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय घ्यायची नाही. शेवटच्या महिन्यात मावसबहीण भेटायला आली होती. ताईने उशीला टेकून तिला ती जुनी हकिकत सांगितली — पाणी, तांदूळ, फळा. "आमची मनू होती म्हणून अब्रू राहिली. मी तर डोळे असून आंधळी." मी शेजारी मोसंबं सोलत होते. पाहुणी गेली. दुपार होती, घरात आम्ही दोघीच. ताई शुद्धीवर होती, बोलत होती, हात माझ्या हातात होता. याहून चांगली वेळ कुणाला मिळते? मी मोसंब्याच्या बिया काढल्या आणि फोड तिच्या तोंडात घातली.

इथवर लिहून मी थांबले होते. वाटलं, झालं. पण वर जे लिहिलं ते खरं असलं तरी पुरतं नाही.

फळ्यावर क्रम मांडला त्या दिवशी, परत येताना, आम्ही ठाण्याला खोपटच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत उभ्या होतो. ताईने तिकिटाचे सुटे पैसे काढून मोजले. मग म्हणाली, "मनू, मला तिथे खटकलं होतं. त्या रविवारी. तुला आठवतंय का? पण मी सोडून दिलं. परत मांडून बघायला हवं होतं. दिसत असून सोडलं म्हणजे माझं डोकं या कामाचं नाहीच." मी म्हटलं, "जाऊ दे गं." एस.टी. आली.

मला आठवत होतं. कसं नाही आठवणार? त्या रविवारी तिने पांढरं बटण माझ्यासमोर ठेवलं खरं, पण बोट त्यावरून उचललं नव्हतं. "थांब जरा," ती म्हणाली. "इथे काहीतरी आहे. तुझ्या मुठीत अजून एक आहे ना, मघाचा?"

तिला दिसलं होतं. मला दिसलं त्याच क्षणी, कदाचित आधीच.

मी म्हटलं, "तो? तो मघाशीच गिळला की." आणि मूठ न उघडता हात ओटीत नेला आणि चिंचोका बाकीच्यांत सोडून दिला.

"बरं," ती म्हणाली. "मग ठीक आहे." आणि तिने बोट उचललं.

माझ्या शब्दावर तिने आपली शंका सोडून दिली. नंतर सगळा दोष स्वतःकडे घेताना माझा तो शब्द तिने एकदाही तपासला नाही. कड्या तपासल्या, मीठ तपासलं, हे नाही. ती गेली ती याच समजुतीत, की समोर आलेलं आपल्याला धरता आलं नाही.

तिने ते धरलं होतं. तिने विचारलं होतं, आणि मी खोटं बोलले.